ग्रामीण घरातील थंडी आणि स्वस्त इंधने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड आणि दिंडोरीचा पट्टा, सातपुड्याच्या कुशीतील गावे, पूर्व विदर्भ आणि सह्याद्रीचा माथा येथून डिसेंबर-जानेवारीत येणारे प्रश्न दरवर्षी बहुतांशी सारखेच असतात. त्यांतील नेहमीचे प्रश्न उत्तरांसह येथे एकत्र दिले आहेत. बाजारभाव गावोगाव आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून किमती न देता हिशेबाची रीत दिली आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे दुपारी चांगले ऊन असते, थंडी फक्त रात्री आणि पहाटे पडते. अशा ठिकाणी घर गरम करण्याचा खटाटोप करावा का?

हिमालयातील गावांप्रमाणे दिवसरात्र खोली तापवत ठेवण्याची गरज महाराष्ट्रात जवळपास कोठेही नाही. निफाड परिसरात किमान तापमान काही वर्षी ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाते आणि तोरणमाळ-डाब भागात किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचेही दिसते. मात्र याच ठिकाणी दुपारी अंगणात बसावेसे वाटेल इतके ऊन असते. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील हे मोठे अंतर आपल्या फायद्याचे आहे, कारण दुपारची उष्णता घरात घेऊन ती पहाटेपर्यंत टिकवता आली तर इंधनाची गरज केवळ आंघोळीचे पाणी, संध्याकाळचे दोन तास आणि पहाटेचा एखादा तास एवढ्यापुरती उरते. या पानावरील बहुतेक उत्तरे याच विचारावर उभी आहेत.

२. हातात पैसे थोडे आहेत. आधी इंधनाची सोय करावी की घराची डागडुजी?

घराची. दीड फूट जाडीची मातीची किंवा दगड-मातीची भिंत दुपारी घेतलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत आत सोडत राहते; अशा जुन्या घरात दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या तरी पुष्कळ काम होते. खरी अडचण पत्र्याच्या घरांची आहे. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकून देतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. पहाटे आतल्या बाजूने थेंब गळतात ते याचमुळे. या पत्र्याखाली कितीही लाकूड जाळले तरी गरम हवा वर चढून पत्र्याला भिडते आणि थंड होऊन खाली येते. म्हणून पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या, जुन्या सतरंज्या किंवा शिवलेली गोणपाटे ताणून बसवावीत. पत्रा आणि हे छत यांच्यामध्ये अडकलेली हवा हीच खरी ऊब राखते. ज्या खोलीत चूल आहे तेथे मात्र कापड किंवा गोणपाट वापरू नये.

उन्हाचा उपयोग करण्यास काहीच पैसे लागत नाहीत. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि क्षितिजापासून साधारण ४५ ते ५० अंशांवरच राहतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरेच आत येते. सकाळी दहापासून ती खिडकी उघडी ठेवावी आणि सूर्य मावळण्यापूर्वी, म्हणजे हवा गार होण्यापूर्वी, लावून घ्यावी. उत्तरेच्या फटी आधी बुजवाव्यात, कारण थंडीतले बोचरे वारे बहुधा तिकडूनच येतात. अंथरुणे उन्हात घालावीत. गोधडी किंवा वाकळ अंगावर एक आणि अंगाखाली दोन असा क्रम ठेवावा. फरशी शरीरातील उष्णता किती ओढून घेते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

३. कोणते इंधन किती उष्णता देते?

एका किलोमागे किलोकॅलरीत सांगायचे तर ढोबळ आकडे असे आहेत. चांगले वाळलेले लाकूड सुमारे ३,५०० ते ४,०००, पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) जवळपास तेवढ्याच, भाताचे तूस सुमारे ३,०००, गोवऱ्या २,००० ते ३,००० आणि लाकडी कोळसा सुमारे ७,०००. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील एका किलो गॅसमधून जवळपास ११,००० किलोकॅलरी मिळतात. गोबरगॅस वजनाने मोजत नाहीत. त्याच्या एका घनमीटरमधून ४,७०० ते ५,००० किलोकॅलरी मिळतात. विजेच्या एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी मिळतात.

या आकड्यांवर एकदम विसंबू नये. ओल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी वाफ करून घालवण्यात उष्णता खर्ची पडते आणि हाती जेमतेम निम्मी ऊब येते. शिवाय तीन दगडांच्या चुलीत जळणाच्या उष्णतेपैकी दहाव्या हिश्श्याच्या आसपासच उष्णता भांड्यात उतरते.

४. मग आमच्या गावात काय स्वस्त पडेल हे कसे ठरवावे?

एका माणसाच्या आंघोळीचे पाणी हे माप धरावे. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत नेण्यास ५०० किलोकॅलरी लागतात. विजेच्या कांडीने हे काम करायचे तर सुमारे ०.६ युनिट पुरते. गॅसच्या शेगडीवर साठ टक्के उष्णता पाण्यात उतरते असे धरले, तर ७५ ते ८० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जवळपास १८० बादल्या होतात. तीन दगडांच्या चुलीवर दीड किलोच्या आसपास लाकूड जाते. बंबात एक चतुर्थांश उष्णता पाण्यात उतरते असे मानले, तर तेच काम अर्ध्या किलोहून थोड्या अधिक लाकडात होते. या आकड्यांना आपल्या गावच्या भावाने गुणावे.

या हिशेबात सरपणाची किंमत शून्य धरण्याची चूक सर्रास होते. ते गोळा करण्यात बहुधा घरातील बाईचा आणि मुलींचा वेळ जातो. रोजंदारीच्या दराने तो वेळ मोजला तर ‘फुकटचे’ लाकूड पुष्कळदा गॅसपेक्षा महाग पडते. शेताच्या बांधावरून बैलगाडीभर तुराट्या एका खेपेत येत असतील तर गोष्ट वेगळी.

५. झोपण्याच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली तर चालते का? निखाऱ्यांना धूर तर नसतो.

चालत नाही. धूर नसणे हीच त्यातील फसवी गोष्ट आहे. निखारे आणि कोळसा अपुऱ्या हवेत धुमसतात तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसाला गुंगी येते आणि तो उठतच नाही. दरवर्षी थंडीत अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि त्यांत बंद खोली व शेगडी हीच जोडी असते.

यावर सांगितले जाणारे उपाय निरुपयोगी आहेत. शेजारी पाण्याची बादली ठेवल्याने काही साधत नाही, कारण हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही. खाटेवर किंवा माळ्यावर झोपूनही उपयोग नाही. त्याचे वजन हवेइतकेच असल्याने तो खोलीभर पसरतो. खिडकी बोटभर उघडी ठेवणे पुरेसे आहे की नाही हे झोपेत कोणालाच कळत नाही. निजण्यापूर्वी तासभर शेगडीने खोली उबदार करायची असेल, तर दार उघडे आणि सर्व जण जागे असताना ती वापरावी आणि अंथरुणे पसरण्याआधी निखाऱ्यांसह अंगणात नेऊन ठेवावी. राखेखाली दडवलेला विस्तवही आत ठेवू नये.

६. सकाळी सगळ्यांचे डोके दुखते, मळमळते. हे थंडीमुळे असेल का?

रात्री घरात काहीही पेटते असेल आणि एकाच वेळी अनेकांना डोकेदुखी, चक्कर, मळमळ किंवा अंगात बळ नसल्यासारखे वाटत असेल, तर आधी कार्बन मोनॉक्साइडचाच संशय घ्यावा. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे ही त्याची ठळक खूण आहे. दारे-खिडक्या उघडून सर्वांना बाहेर आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना ‘घरात शेगडी होती’ हे आपणहून सांगावे. बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर या विषबाधेत फसवे आकडे दाखवते. ते ९८ दाखवत असले तरी रुग्णालयात जाणे टाळू नये.

७. चुलीला धुराडे बसवले तर घर उबदारही राहील आणि धूरही जाईल का?

बऱ्याच अंशी होय. स्वयंपाकघरात संध्याकाळी चूल पेटतेच. तिची उष्णता मातीच्या जाड अंगात आणि मागच्या भिंतीत साठली आणि धूर नळीवाटे बाहेर गेला, तर जेवणानंतर दोन-तीन तास ती खोली घरातील सर्वांत उबदार जागा राहते. वैल (मागचे दुसरे तोंड) असलेली चूल यासाठी चांगली, कारण नळीकडे जाणारी गरम हवा वाटेत दुसऱ्या भांड्यातील पाणी तापवते.

नळी छपराच्या वर निदान दोन फूट जावी, तिच्या तोंडावर टोपी असावी आणि ती लाकडी वाशाला किंवा गवती छपराला चिकटून जाऊ नये. काजळी साचली की धूर उलटा खोलीत येतो, म्हणून दर पंधरवड्याला नळी झाडावी. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि गावोगावी चुली बसल्या. पुढे त्यांतील कित्येक बंद पडल्या त्या नळी साफ न झाल्यामुळे किंवा तुटल्यावर बदलली न गेल्यामुळे. चूल विझण्याआधी धुराड्याची झडप बंद करून ऊब कोंडण्याचा मोह आवरावा; त्याने प्रश्न ५ मधील धोकाच ओढवतो.

८. सरपण कोणते घ्यावे आणि किती वाळवावे?

बाभूळ, वेडी बाभूळ, बोर, सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया ही बांधावर किंवा पडीक जागेत येणारी आणि छाटल्यावर पुन्हा फुटणारी झाडे घरगुती सरपणास उत्तम. त्यांतही बाभळीचा निखारा टिकाऊ असतो. दिवाळीत तोडलेले लाकूड पौषात जाळणे म्हणजे धूर विकत घेणे होय. आदल्या उन्हाळ्यात तोडून, फोडून, पावसाळ्यात छपराखाली रचलेले लाकूडच थंडीत नीट जळते. वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यास टणक आवाज येतो. ओल्यांचा बद्द येतो.

झाड स्वतःच्या शेतातले असले तरी आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस, हिरडा, साग, खैर अशा काही जाती तोडण्यास महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगी लागते.

९. पऱ्हाट्या आणि तुराट्या घराशेजारी रचून ठेवतो. कृषी विभागाचे लोक नको म्हणतात, ते का?

ते पऱ्हाट्यांबद्दल बोलत असतात आणि त्यांचे म्हणणे योग्य आहे. वेचणीनंतर झाडावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात तिचे पतंग बाहेर पडून कपाशीवर येतात. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात या अळीने किती नुकसान केले ते सर्वांच्या स्मरणात आहे. म्हणून पऱ्हाटी उपटल्यावर बोंडे, कवड्या आणि पाला झाडून शेतातच नष्ट करावा आणि निव्वळ काड्याच घरी आणाव्यात. त्यासुद्धा याच थंडीत संपतील एवढ्याच ठेवाव्यात. जूनपर्यंत पडून राहतील इतका ढीग रचू नये. उरलेल्या काड्या बारीक करून खतात घालाव्यात किंवा ब्रिकेटच्या (दाबलेल्या कांड्यांच्या, प्रश्न १३) कारखान्याला द्याव्यात.

तुराट्यांना ही अडचण नाही. त्या झटकन पेटतात आणि झटकन संपतात, त्यामुळे पाणी तापवण्यास चांगल्या, मात्र रात्रभराच्या उबेसाठी निरुपयोगी. दोन्हींचे भारे घरापासून आणि वीजतारेपासून दूर रचावेत. फवारणीनंतर लगेच काढलेल्या काड्या चुलीत घालू नयेत. त्या काही आठवडे उन्हा-वाऱ्यात पडू द्याव्यात.

१०. गोवऱ्या जाळाव्यात की शेणाचे खत करावे?

दोन्हींपैकी एकच निवडायचे असेल तर खत करावे. गोवरी जळते तेव्हा शेणातील नत्र हवेत निघून जाते. राखेत पालाश आणि थोडे स्फुरद तेवढे उरते. गोवरीची उष्णता लाकडापेक्षा कमी आणि धूर जास्त. तिचा एक गुण मात्र खरा आहे: ती सावकाश, एकसारखी धुमसते, म्हणून बंबाला आणि अंगणातील आगटीला ती सोयीची. चराईच्या रानात वाळून गेलेल्या रानगोवऱ्या वेचून वापरण्यास हरकत नाही. गोठ्यातील ताजे शेण मात्र थापण्याआधी पुढचा प्रश्न वाचावा.

११. गोबरगॅस संयंत्र आहे, पण थंडीत गॅस पुरत नाही. त्यावर घर गरम करणे शक्य आहे का?

एक घनमीटर गॅससाठी रोज सुमारे २५ किलो ताजे शेण आणि तेवढेच पाणी लागते. दोन घनमीटरच्या संयंत्राला चार-पाच जनावरांचे शेण पुरते आणि त्यातून मिळणारा गॅस सिलिंडरमधील जेमतेम ९०० ग्रॅम गॅसइतका असतो. चार-पाच माणसांचा स्वयंपाक आणि थोडे गरम पाणी एवढीच त्याची झेप आहे. खोली तापवण्यासाठी तो जाळू नये.

थंडीत गॅस कमी होण्याचे कारण जिवाणूंत आहे. मिथेन तयार करणारे जिवाणू ३५ अंशांच्या आसपास सर्वांत जोमाने काम करतात. २० अंशांखाली ते मंदावतात आणि १० अंशांच्या जवळ जवळपास थांबतात. शेण कालवण्याचे पाणी काळ्या रंगाच्या पिंपात दिवसभर उन्हात ठेवावे आणि भरणी पहाटे न करता दुपारी करावी. उकळते पाणी ओतू नये. त्याने जिवाणू मरतात. दीनबंधू पद्धतीच्या (जमिनीखालील पक्क्या घुमटाच्या) संयंत्राच्या घुमटावरील मातीचा भर पुरेसा आहे ना ते पाहावे आणि भोवती कुजत्या खताचा जाड थर द्यावा, कारण खत कुजतानाही उष्णता देते. तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र असेल तर रात्री टाकीवर पोती घालावीत. गॅस कमी येऊ लागला म्हणून भरणी वाढवू नये. थंडीत पचन सावकाश होते आणि जास्त भरल्यास संयंत्र आंबते.

१२. उसाच्या पाचटाचा कोळसा करता येतो असे ऐकले आहे. तो करावा का?

करता येतो. पुण्यातील अ‍ॅप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, अर्थात ‘आरती’, या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने बंद पिंपांत पाचट भाजून त्याचा कोळसा करण्याची आणि त्या भुकटीच्या कांड्या पाडण्याची पद्धत विकसित केली आणि त्यासाठी तिला २००२ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधील अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. एका हेक्टरमागे सुमारे १० टन पाचट निघते, त्यामुळे कच्च्या मालाची वाण नाही.

तरीही थंडीच्या उबेसाठी एकट्या कुटुंबाने हा उद्योग करावा असे वाटत नाही. पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवल्यास जमिनीचा ओलावा टिकतो आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. शिवाय कोळसा हाती आला तरी तो बंद खोलीत वापरता येत नाहीच (प्रश्न ५). बचत गटाने विक्रीसाठी करायचे असल्यास विचार वेगळा. पाचट शेतात पेटवून देणाऱ्यापेक्षा मात्र दोघेही शहाणे.

१३. पांढरा कोळसा घरी वापरता येतो का?

पांढरा कोळसा म्हणजे सोयाबीनचे कुटार, भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा, चिपाडे यांना यंत्रात प्रचंड दाबाखाली दाबून केलेल्या कांड्या. दाबामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेने त्यांतील लिग्निन हा नैसर्गिक घटक मऊ होतो आणि तोच चिकटवतो, वेगळा डिंक लागत नाही. एक किलोतून लाकडाइतकी किंवा किंचित अधिक उष्णता मिळते आणि साठवणीला जागा कमी लागते. मात्र त्या कारखान्यांच्या भट्ट्यांसाठी बनवलेल्या असल्याने जाड असतात. घरच्या चुलीत तोडून, खाली लाकडाचे दोन तुकडे ठेवून पेटवाव्या लागतात. जाळीची चूल असेल तर उत्तम. ओल लागली की कांडी फुगून तिचा पुन्हा भुसा होतो, म्हणून गोणी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी. धुराडे आवश्यकच (प्रश्न ७).

१४. भुशाच्या शेगडीचे काय?

पत्र्याच्या डब्यात मध्ये बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा घट्ट ठासायचा, बाटली काढून घ्यायची आणि खालच्या भोकातून पेटवायचे, ही जुनी युक्ती अजूनही स्वस्त आहे. एकदा भरलेला डबा काही तास सावकाश जळतो. सुतारकाम किंवा वखारीजवळ राहणाऱ्यांना ती विशेष परवडते. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो आणि भरलेली शेगडी मध्येच विझवता येत नाही, त्यामुळे ती पडवीत किंवा अंगणातच ठेवावी. प्लायवूड किंवा रंगवलेल्या लाकडाचा भुसा घेऊ नये.

१५. आंघोळीच्या पाण्यासाठी बंब बरा की सोलर?

घरातील थंडीच्या इंधनाचा मोठा भाग पाणी तापवण्यातच जातो, त्यामुळे हा प्रश्न दिसतो त्याहून महत्त्वाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्राचे आकाश बहुतांशी निरभ्र असते आणि १०० लिटरचा सोलर बंब चार-पाच माणसांचे पाणी इंधनाशिवाय देतो. तो दक्षिणेकडे तोंड करून, थंडीचा विचार केल्यास ३० ते ३५ अंश कलता बसवावा. कूपनलिकेचे पाणी जड असेल तर तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात. तेथे काचेच्या नळ्यांचा प्रकार घ्यावा. पाणी दुपारनंतर सर्वांत गरम असते, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी आंघोळ संध्याकाळी उरकावी.

एकरकमी पैसे नसतील तर तांब्याचा किंवा लोखंडी पत्र्याचा बंब घ्यावा. मधल्या नळीभोवती पाणी असल्यामुळे धसकटे, चिपाडे, करवंट्या, शेंगांची टरफले असे चुलीत न घालण्याजोगे जळणही त्यात कामी येते. बंब मोरीत न ठेवता अंगणात ठेवावा. बंद न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गीझरलाही प्रश्न ५ मधील इशारा लागू आहे.

१६. काय अजिबात जाळू नये?

प्लास्टिक, रबर, टायर, ठिबकच्या जुन्या नळ्या, कीटकनाशकांचे डबे, रंगवलेले लाकूड. कण्हेर आणि थोहर यांचा धूर विषारी किंवा जळजळीत असतो, तर बिब्ब्याच्या लाकडाने आणि धुराने अंगावर फोड येतात. पेटत्या जाळावर रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल ओतू नये. दगडी कोळसा चंद्रपूर-वणी भागात सहज मिळतो. तो फक्त उघड्यावर पेटवावा.

१७. विजेचा हीटर घेतला तर या सगळ्या कटकटी मिटतील का?

धुराच्या मिटतील. खर्चाच्या मिटतीलच असे नाही. दोन किलोवॉटचा हीटर तासाला दोन युनिट घेतो आणि गावातील जुन्या वायरिंगला हा भार अनेकदा पेलत नाही. वेगळी जाड तार आणि अर्थिंग नसेल तर तो लावू नये. आजारी माणसाच्या खोलीत पहाटे तासभर लावण्यास मात्र तो सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. पत्र्याच्या घरात आधी प्रश्न २ मधील छत करावे.

१८. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. ती बंद करावी का?

बंद खोलीत शेगडी आणि धुरी, ही पद्धत बंद करावी. शेक देण्यामागील हेतू, म्हणजे आई आणि बाळ उबदार राहावे हा, अगदी योग्य आहे. नवजात बाळ आपले तापमान स्वतः टिकवू शकत नाही. मात्र बाजेखालची शेगडी आईपेक्षा बाळाला अधिक अपाय करते, कारण बाळाचा श्वास जलद असतो आणि तेच सर्वाधिक वेळ त्या खोलीत असते. ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरीही कोवळ्या फुप्फुसांना धूरच असते.

बाळाला आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून दोघांवर पांघरूण घालणे हा कोणत्याही शेगडीपेक्षा खात्रीचा उपाय आहे. बाळाच्या डोक्यावर टोपी, पायात मोजे असावेत आणि जन्मल्यावर लगेच आंघोळ घालू नये. आईला शेक हवा असल्यास गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्यावी. बाळाच्या अंगाला ती लावू नये. घरातील वडीलधाऱ्यांची समजूत काढताना ‘शेक बंद’ असे न म्हणता ‘विस्तव बाहेर, शेक आत’ असे सांगावे. निखारे अंगणात ठेवून त्यांवर तापवलेल्या कापडाने शेकण्यास कोणाचा विरोध होत नाही.

१९. गोठ्यात रात्री शेकोटी केली तर?

कडबा, वैरण आणि बांधलेली जनावरे असलेल्या जागेत रात्री विस्तव ठेवू नये. जनावराला शेकोटीपेक्षा कोरडी जागा महत्त्वाची असते. खाली कोरड्या पाचटाचा किंवा भुशाचा थर, अंगावर गोणपाटाची झूल, उत्तरेच्या बाजूला पडदा आणि संध्याकाळी भरपूर कोरडी वैरण द्यावी. वैरण पोटात आंबताना जनावराला उष्णता मिळते. करडे आणि पारडी यांच्यासाठी कोपऱ्यात टोपलीखाली किंवा पोत्यांच्या आडोशात जागा करावी.

२०. धूर बंद केल्यापासून छपराच्या वाशांना कीड लागू लागली. आता काय करावे?

ही तक्रार खरी आहे. चुलीच्या धुराने वासे, बांबू आणि आढ्याला टांगलेले बियाणे किडीपासून वाचत असे, त्यामुळे धुराडे बसवल्यावर काही वर्षांत हे दिसू लागते. त्यासाठी रोज घरातल्यांनी धूर घेण्याचे कारण नाही. बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांचे पाण्यातील द्रावण बांबूला आणि वाशांना पावसाळ्यानंतर लावावे. ते कोरड्या, पाऊस न लागणाऱ्या लाकडात चांगले टिकते. वर्षातून एकदा घर रिकामे असताना कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करण्यास हरकत नाही, मात्र ती विझेपर्यंत एक जण दाराशी थांबावा.

२१. राखेचे काय करावे?

राखेत विस्तव दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. ती झाकणाच्या लोखंडी घमेल्यात एक दिवस ठेवून मगच उकिरड्यावर टाकावी. गोठ्यामागच्या आगी पुष्कळदा अशाच लागतात. राख अल्कधर्मी असल्यामुळे कोकणातील आम्लधर्मी जमिनीत ती उपयोगी पडते, तर चोपण किंवा चुनखडीच्या काळ्या जमिनीत हात राखूनच वापरावी.

२२. आम्ही ऊसतोडीला आलो आहोत. पाचटाच्या कोपीत राहतो, आत चूल मांडता येत नाही आणि पहाटे चारला थंडीत निघावे लागते. वरचे काहीच आम्हाला लागू होत नाही.

छत, सोलर किंवा धुराडे यांतील काहीही कोपीत शक्य नाही, हे खरे. कोपी स्वतःच जळण आहे, म्हणून आत चिमणी, मेणबत्ती किंवा निखारे काहीही नेऊ नये. उजेडासाठी बॅटरीचा दिवा वापरावा. चूल कोपीपासून दहा-पंधरा पावले दूर, वाऱ्याच्या खालच्या दिशेला मांडावी आणि शेजारी पाण्याची घागर भरलेली असावी. झोपताना ती पूर्ण विझवावी.

उबेसाठी पाचटाचाच उपयोग करावा. जमिनीवर वीतभर जाडीचा कोरडा पाचटाचा थर, त्यावर ताडपत्री आणि वर गोधडी असे अंथरूण केले तर जमिनीचा गारवा वर येत नाही. कोपीवर एकाऐवजी दोन ताडपत्र्या असतील तर त्या एकमेकींना चिकटू न देता मध्ये उसाची वाढी किंवा काठ्या घालाव्यात. रात्रीच्या स्वयंपाकानंतर चुलीवर पाणी तापवून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत भरावे आणि कापडात गुंडाळून मुलांच्या पायांशी ठेवावे; चुलीजवळ तापवलेली वीटही कापडात गुंडाळून तेच काम करते, मात्र ती हाताला सोसेल इतकी निवल्यावरच आत न्यावी. पहाटे फडावर जाताना मुलांना कोपीत एकटे सोडावे लागत असेल, तर काडेपेटी त्यांच्या हाती लागणार नाही अशी सोबत घेऊन जावी.